तिबेटी 'आठ' आणि आपला 'चारा'

मी भाषेचा अभ्यासक नव्हे. साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा डॉक्टर. लिपीवर बोलायला उभा राहिलो तो एका पेशंटमुळे. आपल्या बेळगावहून फार लांब नसलेल्या मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथले एक वृद्ध भिक्षू माझ्याकडे येत. "आठ दिवसांनी या," म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठीवर 'आठ' अक्षरांत लिहिले आणि वाचले, "ग्ये."

एवढ्याशा उच्चाराला अक्षरे पाच! आधी ब. मग ग, त्याच्या डोक्यावर र, पायाशी य. शेवटी द. ब आणि र मुके. द स्वतः मुका, पण जाता जाता 'अ'चा 'ए' करून जातो.

ही लिपी आपल्या ब्राह्मीच्याच घराण्यातली. सातव्या शतकात राजा सोंगत्सेन गाम्पोने थोन्मी संभोटाला भारतात धाडले आणि त्याने ती नेली, अशी परंपरा आहे. व्यंजने ३०, 'अ' प्रत्येकात मुरलेला. इ, उ, ए, ओ यांच्या चारच खुणा. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, प्रत्येक अवयवानंतर ठिपका देतात. घ, झ, ध, भ त्यांच्या बोलीत नव्हते, ते घेतले नाहीत. संस्कृत शब्दांतल्या ट, ठ, ड साठी मात्र त, थ, द आरशात दिसावेत तसे उलटे फिरवले!

आणि 'चाऱ्या'तला च? तो त्यांना हवा होता. त्यांनी 'चार'मधल्या च ला छोटीशी रेघ जोडून वेगळे अक्षर केले. आपण आजही 'चार' आणि 'चारा' एकाच च ने लिहितो. कन्नड शाळेत जाणारा माझा नातू गुरांना 'च्यारा' घालतो. मी रागावत असे.

नवव्या शतकाच्या आरंभी राजाज्ञेने तिबेटी लेखन नियमित झाले. बोली पुढे गेल्या. मी भिक्षूंना म्हटले, मुकी अक्षरे काढून का टाकत नाही? ते हसले. ल्हासाचा माणूस 'ग्ये' म्हणतो, लडाखी 'ग्यत', बाल्टिस्तानात अजून 'ब्ग्यत' ऐकू येते. उच्चाराप्रमाणे लिहायचे ते कोणाच्या?

आता नातवावर रागावत नाही. रात्री जेवणानंतर त्याच्याशेजारी बसून मोठ्याने वाचतो. आमच्या च ला रेघ नाही, ती त्याला कानानेच द्यायला हवी.