एका रेघेची किंमत
(मंडळाच्या युवक मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आपल्या मंडळात सॉफ्टवेअरवाल्यांची वाण नाही, तेव्हा ओपन सोर्स म्हणजे काय हे सांगण्यात वेळ घालवत नाही. आज बोलायचंय ते त्यातल्या एका दुर्लक्षित कामाबद्दल. कुणीतरी डॉक्युमेंटेशनमधली मांडणी सुधारून पाठवतो आणि दुसरा कुणी ती तपासतो. पुष्कळांना वाटतं, "यात काय तपासायचं? टिंबं आणि रेघा!"

तर मग रेघेपासूनच सुरुवात करू. पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन २००८ साली आलेल्या २.६ आवृत्तीपासून 'स्फिंक्स' नावाच्या साधनानं तयार होतं. इतरही असंख्य प्रकल्प तेच वापरतात. हा स्फिंक्स मोठा हौशी! साध्या मजकुरात लागोपाठ दोन जोडरेघा दिसल्या, की नेहमीच्या सेटिंगमध्ये तो त्यांची एक लांब रेघ करतो. कथा-कादंबरीत ते शोभून दिसतं. पण कमांडचे पर्याय बहुधा दोन जोडरेघांनीच सुरू होतात. वाचक ती कमांड पानावरून उचलतो, टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि ती चालत नाही. बिचाऱ्या नवख्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

उपाय सोपा आहे. पर्यायाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बॅकटिक द्यायचे, म्हणजे मजकूर जसाच्या तसा राहतो. मार्कडाउनमध्ये एकेक पुरतो, इथे पुरत नाही. एकेकानं अक्षरं सहसा नुसती तिरपी होतात. मार्कडाउनची सवय असलेले हमखास इथेच अडखळतात.

आता तपासायचं कसं? मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, पान तयार करून डोळ्यांनी पाहा. नुसता बदललेल्या ओळींचा फरक वाचून भागत नाही. या पद्धतीत ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. ती कमी झाली, की धोक्याच्या सूचनेच्या चौकटीतलं वाक्य चौकटीबाहेर पडतं. शब्द तेच, पण इशारा गेला!

दुसरी, शब्दागणिक फरक पाहा. कुणी परिच्छेदाच्या ओळी नव्यानं तोडल्या, की सगळा परिच्छेदच बदललेला दिसतो. त्या गर्दीत एखादा 'नाही' गळला, तर सूचना नेमकी उलटी होते. गिटमध्ये शब्दाशब्दाचा फरक दाखवायची सोय आहे, ती वापरा.

तिसरी, मांडणी आणि आशय वेगळे ठेवायला सांगा. मांडणीची दुरुस्ती एका पॅचमध्ये, मजकुरातला बदल दुसऱ्यात. दोन्ही एकत्र आले, तर तपासणाऱ्याचं लक्ष विभागतं आणि पुढे चूक शोधणंही अवघड जातं.

पण खरा प्रश्न माणसांचा आहे. २०२० च्या ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात टी-शर्टच्या आशेनं अनेकांनी रीडमी फाइलींमध्ये एखादं निरर्थक विशेषण घुसवून ढिगानं बदल पाठवले. प्रकल्प सांभाळणारे फुकट काम करणारे लोक, ते वैतागले. त्याच महिन्यात नियम बदलला. प्रकल्पानं स्वतः होकार दिला असेल, तरच तिथला बदल धरला जाऊ लागला. तेव्हा मुलांनो, छोटा बदल पाठवायला काहीच हरकत नाही, पण तो कुणाच्या तरी उपयोगाचा हवा.

आणि तपासणाऱ्यांनो, तुम्हीही लक्षात ठेवा. पुष्कळांचं ओपन सोर्समधलं पहिलं पाऊल अशाच एका बॅकटिकच्या दुरुस्तीनं पडतं. "चूक आहे" एवढंच लिहून पॅच बंद केलात, तर तो मुलगा परत येणार नाही. "इथे दोन बॅकटिक लागतात, कारण एकानं अक्षरं तिरपी होतात" असं लिहायला अर्धं मिनिट लागतं. आपल्याकडे चांगला मुद्रितशोधक चूक दाखवतो, पण लेखकाचा पाणउतारा करत नाही. तीच रीत इथेही ठेवा. मात्र भिडेखातर चुकीचं काही मंजूर करू नका. त्याची किंमत वाचक मोजतो.

घरी गेलात, की रोजच्या वापरातल्या एखाद्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचं इन्स्टॉलेशनचं पान उघडा. त्यातल्या कमांड नीट वाचा आणि काय करतात ते समजलं, की एकेक चिकटवून पाहा. रेघेवरून एखादी अडली, तर तुमचं पहिलं काम तुम्हाला मिळालं म्हणून समजा.