फोटोच्या मागे नाव

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे. कला शाखेची पदवी घेतली, दोन-तीन परीक्षा दिल्या आणि बँकेत कारकून म्हणून चिकटलो; त्यालाही आता वीस वर्षे होत आली. काउंटरवर बसून एक वाक्य आम्ही दिवसातून किती वेळा म्हणतो याची मोजदाद नाही. ‘फोटोच्या मागे नाव लिहा.’ खाते उघडायला आलेला माणूस दोन फोटो पुढे सरकवतो आणि हे ऐकून थोडा वैतागतो. माझाच तर फोटो आहे, मी समोर उभा आहे, नाव कशाला? पण तोच फोटो अर्जावरून निसटून टेबलाखाली गेला आणि संध्याकाळी सापडला, की चेहरा स्वच्छ दिसत असूनही तो कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छायाचित्रांतून दिसणारे समाजाचे रोजचे जीवन, या विषयावर बोला असे चिटणीस साहेबांनी सांगितले, तेव्हा आम्हांला प्रथम हा टेबलाखालचा फोटो आठवला.

आपल्या देशात सामान्य माणसाचा फोटो प्रथम निघाला तो बहुतेक दुसऱ्याच्या गरजेसाठी. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड इंग्रज अमदानीत १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांत ४६८ छायाचित्रे आहेत. पुढे १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींविषयीचे चार खंड आले. असल्या ग्रंथांत राजेरजवाड्यांची नावे सापडतात. गरिबाच्या चित्राखाली बहुधा जातीचे, जमातीचे किंवा धंद्याचे नाव असते. माणूस उभा आहे तो नमुना म्हणून. बाबा रे, तुला कोणते कपडे घालून उभे राहायचे आहे, असे त्याला कोणी विचारले असेल असे वाटत नाही. अभ्यासकांनी ही पुस्तके जरूर पाहावीत. आम्ही मात्र ती फार वेळ पाहू शकलो नाही.

म्हणून आम्ही दुसरीकडे पाहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाशी आपले नाते नवे नाही. दलित पँथरचे नाव कोठून आले हे विद्यार्थ्यांना माहीत असेल. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या त्यांच्या थोर विचारवंताला बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते आणि त्याचे उत्तरही आले होते. याच डू बॉइस यांनी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी ३६३ छायाचित्रांचे आल्बम तयार केले. तेव्हा गुलामगिरी कायद्याने संपून पस्तीसच वर्षे झाली होती. काही आल्बमांवर त्यांनी मुद्दाम ‘नमुने’ हाच शब्द ठेवला. गोऱ्या शास्त्रज्ञांची जी पद्धत, समोरून एक फोटो आणि बाजूने एक, तीच वापरली. पण समोर बसलेला माणूस नेटक्या पोशाखातला, सरळ पाहणारा. बाकीच्या आल्बमांत घरे, चर्च, औषधाचे दुकान, पियानो शिकणारी तरुण मुलगी. यांतले बरेच फोटो अटलांटाच्या थॉमस ॲस्क्यू या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने काढले होते. बघणाऱ्या जगाला दिलेले हे सणसणीत उत्तर होते.

तरीही एक गोष्ट आम्हांला खटकते, आणि मोठ्या माणसाविषयी ती बोलावी की नाही असे वाटूनही बोलतो. त्या आल्बमांतही माणसांची नावे नाहीत. पॅरिसमध्ये त्यांची गरज पडली नसेल. पण ती मुलगी कोण, हे आज शोधत बसावे लागते.

आता ज्या माणसासाठी हे भाषण तयार केले त्याच्याकडे येतो. त्याचे नाव रिचर्ड सॅम्युअल रॉबर्ट्स. दक्षिण कॅरोलिना राज्यातील कोलंबिया हे त्याचे गाव. (बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कला, हे कोलंबिया निराळे.) तो काळ कसा होता? गाडीत मागे बसायचे, पाण्याचा नळ वेगळा, शाळा वेगळी, दवाखाना वेगळा. या सभागृहात हे समजावून सांगण्याची गरज नाही. रॉबर्ट्स पोस्टात झाडलोटीच्या आणि देखभालीच्या कामावर होता. पहाटे चार वाजता कामावर हजर व्हायचे ते दुपारी बारापर्यंत. त्यानंतर हातपाय धुऊन तो वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या आपल्या स्टुडिओत जायचा. फोटोग्राफी त्याची तो शिकला होता. १९२२ ते १९३६, म्हणजे मरेपर्यंत, त्याने हा स्टुडिओ चालवला.

त्याच रस्त्यावर १९२१ साली कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांनी स्वतःची व्हिक्टरी सेव्हिंग्ज बँक काढली होती. आमच्या धंद्यातली गोष्ट म्हणून हे सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्यांना दुसऱ्या दारात किंमत नव्हती त्यांनी पैसा ठेवायला स्वतःचे दार केले आणि चेहरा ठेवायलाही.

त्या स्टुडिओत कोण यायचे? आईच्या मांडीवरची बाळे, नवपरिणीत जोडपी, पदवीचा झगा घातलेली मुले, शिक्षिका, दुकानदार, मोलमजुरी करणारी माणसे. शवपेटीत ठेवलेल्या माणसाचाही फोटो काढून ठेवत. तो त्यांचा रिवाज होता. मोर्चा नाही, सभा नाही, पुढारी फारसा नाही. कोणी इस्त्री केलेला सदरा घातला आहे, कोणी मुलीच्या केसांना मोठी रिबीन बांधली आहे, आणि सगळे कॅमेऱ्याकडे असे पाहतात की जणू बिल आम्ही भरणार आहोत, घाई करू नका. फोटो पाहताना वेगळा नळ आठवत नाही. तो आठवू नये अशीच त्यांची इच्छा असावी.

रॉबर्ट्सच्या निगेटिव्ह काचेवर होत्या. रॉबर्ट्स वारला आणि त्याच्या काचा घराखालच्या पोकळीत तशाच राहिल्या. १९७७ साली विद्यापीठाची माणसे जुने कागद शोधत त्या घरी पोचली तेव्हा सुमारे तीन हजार काचा निघाल्या. १९८६ साली त्यांतल्या निवडक छायाचित्रांचे पुस्तक झाले. पण पुस्तकाच्या आधीचे काम आम्हांला अधिक मोलाचे वाटते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना फोटो दाखवून, हे कोण, ते कोण, असे विचारत जितकी नावे मिळाली तितकी गोळा केली. आम्ही आमच्या सवयीने हिशेब केला. १९२६ साली दहा वर्षांची असलेली मुलगी १९७७ साली एकसष्ट वर्षांची. ती सांगू शकत होती. आणखी पंचवीस वर्षांनी या काचा निघाल्या असत्या तर कोणाला विचारले असते? तरीही पुष्कळ चेहरे अनामच राहिले.

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम वस्तीत जेम्स व्हॅन डर झी यानेही असेच काम केले. त्याचा स्टुडिओ १९१६ च्या सुमारास सुरू झाला, म्हणजे बाबासाहेब जवळच असलेल्या विद्यापीठातले शिक्षण आटोपून लंडनला निघाले त्याच सुमारास. त्याचे काम प्रसिद्ध आहे, म्हणून विस्तार करत नाही.

आपल्याकडचा एकच फोटो सांगतो. तो तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. १९३४ सालचा, राजगृहातला. डावीकडे यशवंतराव, मग बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि टॉबी. कुत्र्याचेसुद्धा नाव आपल्याला ठाऊक आहे! पुढच्या वर्षी, २७ मे १९३५ ला, रमाई गेल्या. घरातली माणसे घरात उभी आहेत, एवढाच तो फोटो. पण नावे असल्यामुळे आपण त्यापुढे थांबतो.

आणि आता आमच्या घरचे. आमच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक फोटो होता. त्यात अकरा माणसे. मागे मुंबईच्या कुठल्या तरी स्टुडिओचा पुसट शिक्का. त्याच पेटीत पणजोबांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा असे दोन सुटे फोटो. दोघांच्या अंगात एकच कोट. मधले बटण नसलेली जागासुद्धा तीच. एकाने काढून दुसऱ्याला दिला असेल, किंवा तो स्टुडिओचाच असेल. लहानपणी आम्ही यावर हसत असू. आजी हसत नसे.

आजी म्हणायची, ‘एकदा बस माझ्याजवळ, अकराच्या अकरा नावं सांगते. वही आण.’ आम्ही म्हणालो, आजी, मार्चअखेर होऊ दे. मार्चअखेर झाली, मग ऑडिट आले, मग आमची बदली झाली. पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हा बोट ठेवून सांगणे तिला जमेना. २०१२ साली ती गेली. अकरांपैकी एकच नाव आम्हांला माहीत आहे: पुढे मांडीवर बसलेले मूल म्हणजे आमचे आजोबा. ते ज्या बाईच्या मांडीवर आहेत तिच्या हातात एक पुस्तक आहे. त्या काळात, आमच्या घरात, बाईच्या हातात पुस्तक! ती पणजी की पणजीची बहीण, तिला वाचता येत होते की स्टुडिओवाल्याने ते हातात दिले, हे विचारायला आता माणूस नाही. दिवसाला चाळीस लोकांना ‘मागे नाव लिहा’ सांगणाऱ्या माणसाच्या घरची ही अवस्था आहे.

संस्थेच्या कपाटात जुने सत्तेचाळीस फोटो निघाले आहेत. त्यांतल्या एकोणीस फोटोंतली माणसे ओळखली गेली. उरलेले अठ्ठावीस बाहेर लांब टेबलावर मांडून ठेवले आहेत. प्रत्येक फोटोशेजारी कागद आहे, वसतिगृहातला एक विद्यार्थी आहे. ज्येष्ठांनी जेवणाआधी तिकडे यावे. जेवणानंतर पुष्कळ जण गाडीची वेळ सांगून निघतात, हा अनुभव आहे. पूर्ण नाव आठवत नसेल तर कोणाची सून, कोणत्या चाळीतला, कोणत्या गावचा, एवढे सांगितले तरी चालेल. विद्यार्थ्यांनी उलट प्रश्न न विचारता आधी सगळे लिहून घ्यावे. आणि फोटोच्या पाठीवर लिहिताना मऊ शिसपेन्सिल वापरावी, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेनची शाई काही वर्षांनी चेहऱ्यावर उमटते. पेन्सिली आम्ही आणल्या आहेत.

जयभीम.