गोठ्याशेजारची जीप

आज बचत, व्याज, हप्ता यांचं बोलायचंच आहे, पण सुरुवात एका गाडीपासून करू.

दोन वर्षांमागं आम्ही गटातल्या अकरा जणी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघन बघायला गेलो होतो. अंबाबाईची पालखी आली, भवानीची आली, आणि छत्रपतींच्या घराण्याची ती लांबलचक मेबॅक मोटार आली. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी. आकाशात उडणाऱ्या प्रचंड झेपेलिन वायुनौकांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीनं ती बनवली. ऐंशीच्या वर वर्षं झाली, तरी दसऱ्याला ती चालत येते. आमच्यातली एक आक्का सोनं लुटायचं सोडून गाडीकडंच बघत राहिली. परतताना एसटीत म्हणाली, "एवढी जुनी गाडी चालतीया म्हंजे वर्षभर कुणीतरी तिच्याकडं बघत असणार. आमच्या गोठ्याशेजारी सासऱ्यांची जीप हाय. तिच्यावर कोंबड्या बसत्यात."

जीप १९७० ची, महिंद्रची. विलीज जीप आपल्या देशात जोडायला महिंद्रनं स्वातंत्र्यानंतर लगेच सुरुवात केली होती, त्याच जातीची. सासऱ्यांनी जुन्यातच घेतली, पुढं नवऱ्याच्या नावावर झाली. आक्का लग्न होऊन आली तेव्हापासून गाडी धुणं, काचा पुसणं, खांडेनवमीला हार घालणं तिच्याकडं. चालवायला मात्र कुणी दिली नाही. नवरा वारल्यावर गाडी जागची हलली नाही. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार होता, आणि घरचे म्हणत होते, जागा तरी मोकळी होईल.

पुढच्या बैठकीत आक्कानं गटाकडं कर्ज मागितलं. आणि मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर आम्ही हसलो. म्हैस घे, शिलाई मशीन घे, पिठाची गिरणी घे, म्हटलं. जुनी जीप घेऊन बाईमाणूस काय करणार? आक्का शांतपणे म्हणाली, "गेल्या साली तीन जणींनी पोरांच्या मोटारसायकलीला कर्ज काढलं. त्यांना कुणी इचारलं काय, बाईमाणसाला गाडी कशाला म्हून?"

आम्ही कर्जाची वही उघडून बघितली. तीन होत्याच. कर्ज बाईच्या नावावर, गाडी पोराच्या नावावर. ठराव करताना कुणीच काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी हसणं थांबलं.

मग आम्ही दोन टप्प्यांत कर्ज द्यायचं ठरवलं. पहिला टप्पा कागदांचा. हे तुम्हीही नीट ऐका. गाडीचा मालक वारला, तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. आक्काला उशीर झाला होता. दंड भरावा लागला, पण मुलांनी सह्या दिल्या आणि काम झालं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते.

कुणीतरी सांगितलं, पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते. २०२१ पासून तसा नियम आहे. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात आणि दहा वर्षांची मुदत मिळते. पण शुल्क २०,००० रुपये, गाडी मूळ रूपातच हवी, आणि प्रदर्शन, फेरी अशा कामालाच ती बाहेर काढायची. आक्काला तर बाजाराला जायचं होतं. तिनं साधी नोंदणीच वाढवून घ्यायचं ठरवलं.

दुसरा टप्पा दुरुस्तीचा. उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडं गाडी टेम्पोला बांधून नेली. आक्कानं चावी पुढं केली, तर मेस्त्रींनी हात धरला. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला एकदम स्टार्टर मारायचा नाही. आत रिंगा चिकटलेल्या असतात, जोर लावला तर मोडतात. त्यांनी प्लग काढून त्या भोकांतनं तेल सोडलं, तीन दिवस मुरू दिलं, मग हँडल घालून हातानं हळूहळू फिरवलं. टाकीतला गंज काढला, कार्बोरेटर धुतला, ब्रेकची रबरं बदलली. एक बुश बाजारात मिळेना, तो शेजारच्या लेथवर दुपारभरात कातून झाला. कोल्हापूरच्या मेस्त्रींचं हे असं आहे, नमुना हातात दिला की काम होतं. आक्का रोज एसटीनं जाऊन बसायची. मेस्त्री पाना मागायचे, ती नंबर बघून द्यायची.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी आक्का रडली नाही. म्हणाली, "आवाज तसाच हाय, मामंजींच्या वेळचा."

तपासणी झाली, विमा काढला, धुराचा दाखला मिळाला. तिनं शिकाऊ लायसन काढलं आणि पुतण्याला शेजारी बसवून मोकळ्या माळावर शिकली. पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हा गाडी उडी मारून बंद पडली, आणि लांब उभ्या आम्ही सगळ्या मागं पळालो.

आता पक्कं लायसन आहे. पांढऱ्या नंबरप्लेटवर वडाप करता येत नाही, हे तिला ठाऊक आहे. ती आपली भाजी आपल्या गाडीतनं बाजाराला नेते, भाडं वाचतं, त्यातनं हप्ता देते. चार हप्ते राहिलेत, एकही चुकला नाही. पेट्रोल जास्त लागतं, म्हणून आठवड्यातनं एकदाच काढते.

आमच्या गटानं तेव्हापासून एक नियम केलाय. वाहनासाठी कर्ज मागितलं की पहिला प्रश्न: कागदावर नाव कुणाचं लागणार? तुमच्या गटातही वही उघडून एकदा बघा.

गेल्या खांडेनवमीला जीपला झेंडूचा हार आक्कानंच घातला, दरवर्षीसारखा. फक्त यंदा हार घालून ती बाजूला उभी राहिली नाही. चालकाच्या जागेवर जाऊन बसली.