उंचीचा आकडा



वैनगंगेच्या काठी संध्याकाळी उभे राहिले असता फार उंचावरून विमाने जाताना दिसतात. एवढ्या अफाट आकाशात टक्कर व्हावयाची कशी, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु विमाने बहुधा ठरलेल्या वाटांनीच जातात, आणि एकाच वाटेवर समोरासमोर आलेली दोन विमाने केवळ उंचीच्या फरकाने एकमेकांना चुकवितात. हा फरक पुष्कळदा हजार फुटांचाच असतो.

आगगाडीच्या एकेरी रुळावर ड्रायव्हरच्या हाती टोकन पडल्याखेरीज गाडी सुटत नसे. वैमानिकाला हाती धरण्याजोगे असे काही मिळत नाही. जमिनीवरचा नियंत्रक बिनतारी यंत्रावरून उंचीचा आकडा सांगतो आणि विमानातून तोच आकडा परत म्हणून दाखवावा लागतो. नुसते 'बरे' म्हणून भागत नाही. आपल्याकडचा भातगिरणीचा मुनीम फोनवर पोत्यांचा आकडा ऐकून पुन्हा उच्चारतो, त्यातलाच हा प्रकार. आकडेही सुटे सुटे उच्चारतात. पंधरा हजार फुटांना 'वन फाइव्ह झिरो'. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांचा घोटाळा येथे परवडणारा नाही.

मात्र आकडा बरोबर म्हटला म्हणजे झाले, असे समजू नये. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईस येणारे अलीतालिया कंपनीचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९४ माणसे दगावली. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत, हा वैमानिकाचा हिशेब चुकला होता आणि विमान सुरक्षित उंचीच्या मर्यादेखाली अगोदरच उतरले होते, असे चौकशीत ठरले. अमुक उंची सुरक्षित, हे अमुक जागीच खरे असते. मुंबईजवळ जी उंची चालते ती सह्याद्रीवर चालत नाही.

दुसरा प्रसंग १२ नोव्हेंबर १९९६ चा, हरियाणातील चरखी दादरीचा. दिल्लीहून निघालेले सौदी बोइंग ७४७ वर चढत होते. त्यास १४ हजार फुटांची मर्यादा दिलेली होती. कझाकस्तानचे इल्यूशिन ७६ दिल्लीकडे उतरत होते. त्यास १५ हजारांची. समोरून विमान येत आहे, हे नियंत्रकाने कझाक विमानास कळविले. अंतर सांगितले, उंचीही सांगितली. तिकडून उत्तरेही आली. त्या काळी दिल्लीच्या रडारवर विमान कोठे आहे हे दिसे, किती उंचावर आहे हे दिसत नसे. नियंत्रकास विमानातून आलेल्या शब्दावरच विसंबणे भाग होते, आणि विमान तर १५ हजारांच्या खाली उतरले होते. दोन्ही विमानांतील ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने दोष कझाक विमानाकडे दिला. इंग्रजी कच्चे होते एवढे म्हणून हे प्रकरण निकालात काढणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते पुरे वाटत नाही. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता आणि विमान चालविणारे वेगळे. ऑपरेटरच्या स्वतःच्या समोर उंचीमापक नव्हता. वैमानिकांचा त्यास डोकावून पाहावा लागे. अगदी शेवटच्या क्षणी आपण खाली आलो आहोत हे त्याच्या ध्यानी आले आणि वर चढा, असे त्याने सांगितले. तोवर वेळ निघून गेली होती. आकडा कानावर पडला होता; सुकाणूवरच्या हातापर्यंत तो वेळेवर गेला नाही, आणि दिल्लीत बसलेल्या माणसास हे कळण्याचा काही मार्गच नव्हता.

त्यानंतर समोरच्या विमानाचा इशारा देऊन 'चढा' अथवा 'उतरा' असे आपोआप सांगणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले. परंतु यंत्र एक सांगते आणि नियंत्रक दुसरे, तर ऐकावयाचे कोणाचे? १ जुलै २००२ रोजी जर्मनीत युबरलिंगेन येथे एका विमानाने यंत्राचे ऐकले, दुसऱ्याने नियंत्रकाचे. दोन्ही खालीच उतरली आणि ७१ माणसे गेली. आता यंत्राचे ऐकावे आणि तसे नियंत्रकास कळवावे, असा नियम आहे.