उजवा दिवा

आदरणीय सर, बाई आणि दहावी ‘ब’ची मंडळी,

‘पाच मिनिटं काहीही बोल, फक्त कॉम्प्युटर नको,’ अशी अट असल्यामुळे मी गाडीच्या दिव्यांवर बोलणार आहे.

चार वर्षांपूर्वी आईला घेऊन पुण्याहून चिपळूणला निघाले. कुंभार्ली घाटात अंधार पडला. एका वळणावर समोरचा ट्रक सरळ अंगावर आला. मी गाडी इतकी डावीकडे दाबली, की आरसा कठड्याला घासला. आई पोफळीपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिथे चहाच्या टपरीवरचे काका म्हणाले, “ताई, तुमचा उजवा दिवा गेलाय. समोरच्याला मोटारसायकल वाटते.” ट्रकवाल्याचं चुकलं नव्हतं. त्याला रस्त्याच्या कडेचा एकच दिवा दिसत होता, बाकीची गाडी अंधारात.

माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी, आणि बोनेट उघडल्यावर बल्ब कुठून काढायचा ते कळेना!

सकाळी चिपळुणात दुकानदाराने मॉडेल विचारलं. मी गाडीच्या पाठीवरची सगळी अक्षरं वाचून दाखवली. तो हसला. ती अक्षरं गाडीची ऐट सांगतात, बल्ब नाही. मारुतीवाल्यांसाठी सांगते: एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय ही सोयींची चढती पायरी. शेवटचा ‘आय’ फ्युएल इंजेक्शनचा, कार्बुरेटर जाऊन ते आलं तेव्हाचा. व्हीडीआयमधला ‘डी’ डिझेलचा. बल्बचं नाव मात्र बल्बच्याच बुडावर असतं. माझ्यावर होतं: एच-फोर, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. एकाच काचेत दोन फिलामेंट, अपरला ६०, डिपरला ५५. मागच्या दिव्यावर २१/५ दिसलं, तर ५ वॅट टेललाइटचे आणि २१ ब्रेकचे.

बदलणं दहा मिनिटांचं काम. दिवे बंद करून बल्ब गार होऊ द्यायचा. कनेक्टर ओढायचा, रबरी टोपी काढायची, तारेची क्लिप दाबून सोडवायची. नव्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं, की काच तिथेच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. (एलईडीवाल्यांची यातून सुटका, पण त्यांचा बहुधा अख्खा दिवाच बदलावा लागतो.)

दुकानदार म्हणाला, “१००/९० घ्या, दिवसासारखा उजेड!” तेव्हा, सर, तुमचा फळा आठवला. उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात. ६० वॅटला ५ अँपिअर, १०० वॅटला ८ च्या वर. वायर तीच, उष्णता जवळजवळ पावणेतीन पट! होल्डर वितळायची भीती, आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. मी ६०/५५च घेतला. सहामाहीत चुकलेलं हे गणित दुकानाच्या काउंटरवर बरोबर आलं.

इंडिकेटर भराभर मिचकायला लागला, तर त्या बाजूचा एक बल्ब गेला असं समजा. ब्रेकचा दिवा मात्र चालवणाऱ्याला दिसत नाही, मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. आज आत येताना माझ्या पुढच्या गाडीने ब्रेक लावला, तेव्हा तिचा डावा दिवा लागला नाही. गाडी कोणाची ते इथे सांगत नाही. जेवणानंतर पार्किंगमध्ये या, २१/५ चे दोन बल्ब माझ्या डिकीत आहेत.