नोकरी सांभाळून शिक्षण : आधी अट, मग अर्ज



पांढुर्णा आणि सौंसर या भागात कष्टाला तोटा नाही. संत्र्याच्या बागा आहेत, कापसाची शेते आहेत, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात तिन्ही पाळ्यांचे काम आहे, बाजारपेठेत दुकाने आणि दलालांच्या पेढ्या आहेत. या कामांवर ज्यांचे घर चालते त्यांच्यापैकी कित्येकांच्या मनात एक विचार घर करून असतो. हेच काम जन्मभर करावयाचे नाही, असे त्यांना वाटते. कोणाला परिचारिका व्हावयाचे असते, कोणाला शिक्षक, तर कोणाला पर्यवेक्षक. परंतु बारावीला कला शाखा घेतलेली असते, किंवा शिक्षण दहावीवरच थांबलेले असते. पगार सोडला तर चूल थंडावते आणि पगार धरून ठेवला तर शिक्षण अडते. हा पेच कसा सोडवावा, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा पेच नवा नाही. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसा शिकता येत नाही हे ओळखूनच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे १९१८ साली त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी धरली, पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. त्यांनी नोकरीलाच अपुऱ्या शिक्षणाचे साधन केले. याच अनुभवाचे मोल जाणून १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथील वर्ग सकाळी भरविण्यात आले.

कवी नारायण सुर्वे यांचे उदाहरण आपल्या विषयाच्या आणखी जवळचे आहे. गिरणीत आणि इतरत्र मिळेल ते काम करून ते मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाले. नोकरीत असतानाच ते त्या काळची सातवीची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे शिक्षक झाले. शाळेत घंटा देणारा माणूस वर्गात शिकवू लागला, याचे कारण एवढेच की शिक्षकाच्या पदाला जी परीक्षा आवश्यक होती, नेमकी तीच त्यांनी आधी दिली.

या उदाहरणांतून घ्यावयाचा बोध हा की, जिद्द हवीच, परंतु जिद्दीला क्रम हवा. पुष्कळ माणसे उत्साहाच्या भरात जो अभ्यासक्रम जवळ मिळेल त्यात नाव घालतात, शुल्क भरतात, दोन-तीन वर्षे झोप मोडतात आणि शेवटी कळते की हव्या असलेल्या पदाला ही पदवी चालत नाही. म्हणून हिशेब उलट्या टोकापासून मांडावा. प्रथम पद ठरवावे. त्या पदाला कोणता अभ्यासक्रम लागतो ते पाहावे. त्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळण्यास कोणते विषय, किती गुण आणि किती वय लागते ते पाहावे. आपल्याजवळ काय आहे ते त्यातून वजा करावे. जे उरेल तेवढेच नोकरी सांभाळून करावयाचे आहे, आणि बहुधा ते वाटते त्याहून कमी असते.

समजा, कला शाखेतून बारावी झालेली एक तरुणी कारखान्यात पॅकिंगचे काम करते आणि तिला परिचारिका व्हावयाचे आहे. परिचर्येच्या पदवी अभ्यासक्रमास बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. तीन वर्षांच्या पदविका अभ्यासक्रमास मात्र इतर शाखांचे विद्यार्थीही पात्र ठरू शकतात. म्हणजे पदविका घ्यावयाची असेल तर बारावी पुन्हा करण्याचे कारण नाही. पदवीच हवी असेल तर विज्ञानाचे विषय नव्याने उत्तीर्ण व्हावे लागतील. दोन वाटांत काही वर्षांचे अंतर आहे, आणि ते पहिल्याच दिवशी कळावयास हवे.

विज्ञानाचे विषय घ्यावे लागलेच, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची सोय आहे. ही संस्था १९८९ साली स्थापन झाली. तेथे एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. ज्यांची बारावी झाली आहे त्यांना केवळ हवे ते विषय घेऊनही बसता येते. पाळीत काम करणाऱ्या माणसाला यासारखी दुसरी सवलत नाही, कारण एका हंगामात एक विषय, दुसऱ्यात दुसरा, असे चालता येते. मात्र विज्ञानाच्या विषयांना प्रात्यक्षिक परीक्षा असते. तिच्यासाठी अभ्यासकेंद्रावर जावे लागते, आणि त्या दिवसांची रजा आधीच मागून ठेवावी लागते. पदवी राहिली असेल त्यांच्यासाठी १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९९१ साली स्थापन झालेले भोपाळचे मध्यप्रदेश भोज मुक्त विद्यापीठ ही दारे आहेत. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. प्रवेशापूर्वीची तयारी नोकरीत राहून होते, पण सगळेच अभ्यासक्रम नोकरीत राहून होत नाहीत. परिचर्या, औषधनिर्माण, विधी, कृषी यांचे शिक्षण दूरशिक्षणाने देण्यास परवानगी नाही. बी.एड.चा नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यास उपस्थितीचे बंधन आहे. कोणी हजेरी 'सांभाळून' देण्याचे आश्वासन दिले तर त्यापासून दूर राहावे, कारण अशा प्रमाणपत्रावर मिळालेली नोकरी कोणत्याही चौकशीत जाऊ शकते. म्हणजेच पगार सोडण्याचा दिवस टळत नसतो, तो फक्त पुढे ढकलता येतो. तयारीच्या दोन-तीन वर्षांत दरमहा थोडी शिल्लक टाकून तो दिवस सोसण्याजोगा करणे, हा या योजनेचा अर्धा भाग आहे. पदविका घेतलेल्या कारखान्यातील तंत्रज्ञांसाठी मात्र २०२३ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांचे स्वतंत्र वर्ग, सोयीच्या वेळात, चालविण्याची मुभा महाविद्यालयांना दिली आहे. जवळच्या कोणत्या महाविद्यालयाने तिचा उपयोग केला आहे, याची चौकशी करावी.

नियम बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांना प्राथमिक शिक्षकपदाचे दार उघडले होते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदास बी.एड. ही पात्रता नव्हे. प्राथमिक शाळेवर डोळा ठेवून बी.एड. करणाऱ्यांचे त्यामुळे केवढे नुकसान झाले असेल, याची कल्पना करावी. उलट, शाळांत आधीपासून काम करणाऱ्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्र होण्याची मुदत देण्यात आली, तेव्हा देशातील लाखो शिक्षकांनी शिकविता शिकविता मुक्त विद्यालयी संस्थेची पदविका पुरी केली. नियम जाणणारा तरला, ऐकीव माहितीवर विसंबणारा अडकला. म्हणून दरवर्षी अर्ज भरण्याआधी मूळ नियमपुस्तिका पाहावी.

या भागाची आणखी एक अडचण सीमेची आहे. नागपूर हाकेच्या अंतरावर आहे. १९५६ पर्यंत ते याच राज्याच्या राजधानीचे शहर होते. सोयरीक, बाजार, दवाखाना यांसाठी माणसे आजही तिकडेच जातात. परंतु प्रवेशाच्या वेळी ती सीमा उभी राहते. महाराष्ट्रातील राज्य कोट्याच्या जागांना तेथील अधिवास लागतो, आणि मध्यप्रदेशातील जागांना येथील मूलनिवासी प्रमाणपत्र. एका राज्याचे जातप्रमाणपत्र दुसऱ्या राज्यातील आरक्षणास सहसा चालत नाही. लग्न होऊन सीमेपलीकडून आलेल्या सुनांनी हे विशेष लक्षात घ्यावे. नागपुरात खुल्या जागेचे शुल्क भरावयाचे की छिंदवाडा, बैतूल, जबलपूर येथे आपल्या हक्काची जागा मागावयाची, हा निर्णय कागद हाती घेऊनच करावा. २०१९ साली छिंदवाड्यास विद्यापीठ झाले, ते आज राजा शंकर शाह यांच्या नावाने चालते. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या जवळ आल्या आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा.

आता वेळेचा प्रश्न. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होतात. मृग बहाराची तोड उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि आंबिया बहाराची दिवाळीच्या मागेपुढे येते. बागेत काम असणाऱ्याने दोन्ही हंगामांत परीक्षेचा भार सारखा ठेवू नये. ज्या हंगामात हात मोकळे असतील त्यात दोन विषय, दुसऱ्यात एक किंवा एकही नाही, असे आखावे. रात्रपाळीच्या आठवड्यात नवा धडा न घेता जुना वाचावा. रोज एक तास ठरलेला असावा आणि तो घरातील सर्वांना ठाऊक असावा. सुनेने किंवा मुलीने शिकावयाचे असेल, तर तिच्या वाटचे एखादे काम घरातील पुरुषाने उचलल्याशिवाय तो तास सापडणार नाही. घरच्यांची खरी परवानगी तीच.

शिक्षक, अधिकारी व कारखानदार यांच्याकडेही थोडे मागणे आहे. शिक्षकांनी अशा प्रौढ विद्यार्थ्यास रविवारी प्रयोगशाळेचे दार उघडून द्यावे. ग्रामपंचायतीने संध्याकाळी दिव्याची एक खोली द्यावी. प्रमाणपत्रासाठी आलेल्या मजुराची एक खेप वाचली तर त्याची एक दिवसाची मजुरी वाचते, हे कचेरीतील कर्मचाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. परीक्षेच्या आठवड्यात पाळी बदलून देण्यास कारखान्याचा खर्च येत नाही.

शेवटी, अर्जावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने चार प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे मिळवावीत. पदाची अट कोणती? आपल्याजवळ त्यातले काय कमी आहे? पगार कोणत्या महिन्यात थांबेल? आणि त्यानंतर घर किती महिने चालेल? ज्याच्या हाती ही चार उत्तरे आहेत त्याने वयाची वा थट्टेची पर्वा न करता पुढे जावे. ज्याच्या हाती ती नाहीत त्याने अर्ज थांबवून आधी ती मिळवावीत.