डॉट बॉलही लिहायचा असतो

आकाशवाणीकडून फोन आला आणि विषय दिला तो असा: शाळाशाळांच्या सामन्यांत गुण लिहायचं, आकडेवारी ठेवायचं काम हौसेनं कोणी करावं, कसं करावं. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, सगळ्याच खेळांबद्दल बोला, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. पण माझी नोकरी झाली गणित शिकवण्यात आणि निवृत्तीनंतरचे हिवाळे चाललेत मुंबईच्या मैदानांवर, क्रिकेटच्या स्कोअरबुकात डोकं घालून. तेव्हा क्रिकेटपासून सुरुवात करते. वेळ उरला तर कबड्डी.

मुंबईत शालेय क्रिकेट फार जुनं. हॅरिस शील्ड सुरू झाली १८९७ साली आणि तिच्या मागोमाग, १९०१ मध्ये, लहान मुलांची गाइल्स शील्ड. म्हणजे सव्वाशे वर्षं या शहरात कोणी ना कोणी मैदानाच्या कडेला बसून पोरांच्या धावा लिहीत आलंय. हे लिहिणारे कोण? मोठ्या सामन्यांना परीक्षा दिलेले, पॅनेलवरचे स्कोअरर असतात, त्यांना मानधनही असतं. शाळेच्या साध्या सामन्याला, सरावाच्या सामन्याला मात्र बहुतेक वेळा संघात जागा न मिळालेला एखादा मुलगा धरून बसवतात. पीटीचे सर म्हणतात, "तू आज खेळत नाहीयेस ना? मग बस तिकडे, स्कोअर लिही." तो बिचारा तोंड पाडून बसतो. अर्धं लक्ष वडापावकडे, अर्धं मित्रांकडे. अशा मुलाकडून वही नीट लिहून होईल ही अपेक्षा कशी करायची? मी पीटीच्या सरांना नेहमी सांगते, हे काम शिक्षा म्हणून देऊ नका. आज रेडिओवरूनही सांगते. शिक्षा म्हणून देऊ नका.

क्रिकेटच्या कायद्यांत पहिलं कलम खेळाडूंचं, दुसरं पंचांचं आणि तिसरं लगेच स्कोअररचं. चेंडू आणि बॅट त्यांच्या नंतर येतात. आणि कायदा असं सांगतो की पंचानं खूण केली की स्कोअररनं ती मिळाल्याचं कळवायचं, आणि तोवर पंचानं पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. म्हणजे बघा, टेबलामागे बसलेला सातवीतला मुलगा हात वर करत नाही तोपर्यंत गोलंदाजानं, फलंदाजानं, पंचानं, सगळ्यांनी थांबायचं. हे मी मुलांना सांगते तेव्हा त्यांची पाठ आपोआप ताठ होते.

आता एक ओव्हर लिहू या. श्रोत्यांनी हाताशी कागद असेल तर घ्यावा, नसेल तर मनात लिहा. पहिला चेंडू, धाव नाही. दुसऱ्यावर एक धाव. तिसरा चौकार. चौथा पायाला लागून गेला, लेगबायची एक. मग एक वाइड. तो सहात मोजायचा नाही. पुढच्या चेंडूवर धाव नाही. आणि शेवटच्या चेंडूवर त्रिफळा. झाली ओव्हर. धावा किती? एक, चार, लेगबायची एक, वाइडची एक. सात.

आता हे सात तीन ठिकाणांहून आले पाहिजेत. फलंदाजांच्या बाजूला बघा: एक आणि चार, पाच. अवांतर बघा: लेगबाय आणि वाइड, दोन. पाच नि दोन सात. आता गोलंदाजाच्या बाजूनं या. त्याच्या नावावर एक, चार आणि वाइडची एक, सहा. लेगबाय त्याच्या खात्यात जात नाही, ती वेगळी मिळवायची. सहा नि एक सात. आणि तिसरी टॅली, म्हणजे छापलेले आकडे ओळीनं खोडत जायचे, तिथेही सातवर काट पाहिजे. पुन्हा सांगते. फलंदाज अधिक अवांतर. गोलंदाज अधिक बाय आणि लेगबाय. आणि टॅली. तिन्हीकडे एकच आकडा. शिवाय टेबलावर दोन संघांचे दोन स्कोअरर असतात, त्यांनी ओव्हर संपली की एकमेकांना विचारायचं, "किती?" "सात." "माझेही सात." दहा ओव्हरनंतर विचारायचं नाही, दर ओव्हरला विचारायचं. चुकलेली एक धाव त्याच ओव्हरमध्ये सापडते. तीस ओव्हर झाल्यावर ती शोधायला बसलात तर जेवणाची सुट्टी संपेल पण धाव सापडणार नाही.

त्या ओव्हरमध्ये दोन चेंडू असे होते की ज्यांवर काहीच झालं नाही. तिथे टिंब द्यायचं. डॉट. नवीन मुलं हा डॉटच गाळतात. "बाई, काही झालंच नाही, काय लिहू?" मी म्हणते, तुमच्या घरी कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो ना? ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या दिवशी आई खाडा मांडते की नाही? खाडा मांडला नाही तर महिन्याच्या शेवटी भांडण ठरलेलं. तसंच हे. काही झालं नाही, हेही लिहून ठेवावं लागतं. डॉट गाळला की ओव्हरचे चेंडू जुळत नाहीत, फलंदाजानं किती चेंडू खेळले ते चुकतं, आणि ज्या पोरानं सहाच्या सहा चेंडू टप्प्यावर टाकले त्याची मेडन कुठे राहतच नाही. सहा टिंबं जोडून एम काढताना मला जो आनंद होतो तो षटकार लिहिताना होत नाही. षटकार सगळ्यांनी पाहिलेला असतो.

आता माझ्या आवडत्या पानाकडे येते. २३ फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. दोन बाद ८४ असताना सचिन तेंडुलकर आत आला, समोर विनोद कांबळी. पुढचं तुम्हाला पाठ आहे: ६६४ धावांची अभेद्य भागीदारी, कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, दोन बाद ७४८ वर डाव घोषित. गणिताची बाई म्हणून मी आधी बेरीज करून बघते. ८४ आणि ६६४, ७४८. जुळलं. आता ३४९ आणि ३२६ मिळवा. ६७५. मग ७४८ मधले ७३ कुठले? ते दोघे बाद झालेले सलामीवीर आणि अवांतर. आणि भागीदारी ६६४ची असताना दोघांच्या मिळून ६७५ कशा? तर कांबळी आधीपासून खेळत होता, त्याच्या काही धावा त्या ८४ मध्येच होत्या. हे असं आकड्यांना प्रश्न विचारत बसायचं, याचंच नाव आकडेवारी. त्यासाठी संगणक लागत नाही.

सांगतात की कांबळीनं जेवणाच्या सुट्टीत शारदाश्रमचे प्रशिक्षक आचरेकर सरांना फोन करून विनवलं, ३५०ला एकच धाव हवीय. सरांनी ऐकलं नाही. पानावर ३४९च राहिले. आणि हाच कांबळी मग गोलंदाजीला आला आणि ३७ धावांत सहा बळी घेऊन गेला. हे किती जणांना आठवतं? फलंदाजीच्या पानावर जग थांबलं, पुढचं पान कोणी उलटलंच नाही.

पण मला त्या डावातली तिसरीच ओळ आवडते. शारदाश्रमचा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला, दोन दिवस. त्याचं नाव अमोल मुझुमदार. स्कोअरबुकात त्या डावात त्याच्या नावापुढे काहीही नाही. फलंदाजी केली नाही, बस्स. पुढे हाच मुलगा रणजीच्या पदार्पणात हरयाणाविरुद्ध २६० धावा करून गेला, वर्षानुवर्षं मुंबईसाठी ढिगांनी धावा केल्या, भारताकडून मात्र खेळला नाही. आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. तिकडे सेंट झेवियर्सकडून त्या दिवशी मार खाणाऱ्यांत साईराज बहुतुले होता. तोही पुढे भारताकडून कसोटी खेळला. म्हणून मी टेबलावरच्या मुलांना सांगते, अकराच्या अकरा नावं लिहा. ज्याची पाळी आली नाही त्याचंही लिहा. "बाई, तो खेळलाच नाही." अरे, पण तो होता ना?

आता दुसरं पान. जानेवारी २०१६, कल्याण. भंडारी कप, सोळा वर्षांखालच्या मुलांची आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे, नाबाद १००९. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. बेरीज करा. चौकारांचे ५१६, षटकारांचे ३५४. झाले ८७०. उरलेले १३९ त्यानं पळून काढले. नुसत्या पळून काढलेल्या धावांचं शतक. संघाची धावसंख्या तीन बाद १४६५. याआधीचा विक्रम १८९९चा, इंग्लंडातल्या ब्रिस्टॉलच्या क्लिफ्टन कॉलेजातल्या ए. ई. जे. कॉलिन्सचा, नाबाद ६२८. तेरा वर्षांचा मुलगा. त्या सामन्याच्या एका स्कोअररनं पुढे म्हटलं म्हणे की ६२८, पण वीस इकडे किंवा वीस तिकडे धरा. ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. शंभराहून जास्त वर्षं टिकलेला विक्रम, आणि वीस इकडे-तिकडे!

कल्याणच्या त्या सामन्यात समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. त्या संघातली बरीच मुलं वयानं लहान होती, सीमारेषा आखूड होती, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. प्रणवचं कौतुक कमी करायला मी हे सांगत नाही. एक हजार नऊ धावा उभ्या करायला दम लागतो, चेंडू कोणीही टाको. पण स्कोअरबुकात समोरच्या मुलाच्या वयाला रकाना नसतो, सीमारेषेच्या अंतरालाही नसतो. हा माझा जुना हट्ट आहे, माझ्याबरोबर बसणारे याला कंटाळलेत. पानाच्या तळाशी शेऱ्यासाठी जागा ठेवा आणि तिथे लिहा. सीमारेषा किती पावलं होती. खेळपट्टी ओली होती का. शेजारच्या सामन्याचा चेंडू आपल्या स्लिपमध्ये येऊन किती वेळ खेळ थांबला. आझाद मैदानावर एका सामन्याचा कव्हर दुसऱ्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो, तिथे हे रोजचंच आहे. मोबाइलवरची अ‍ॅप आली, चांगली आहेत, बेरीज आपोआप करतात, नातवाचा स्कोअर आजीला साताऱ्यात बसून दिसतो. माझी तक्रार नाही. पण त्यांतही हा शेरा कोणी भरत नाही.

पालकांना एक सांगायचंय, रागावू नका. तंबूत येऊन "माझ्या मुलाचे किती झाले" हे विचारायला हरकत नाही. पण "ती लेगबाय नव्हती हो, बॅटला लागलं होतं, तुम्ही लिहा ना त्याच्या नावावर" असं म्हणू नका. स्कोअरर ठरवत नाही, पंच ठरवतो. आम्ही फक्त लिहितो. पहिलीतल्या मुलाला तुम्ही प्रामाणिकपणा शिकवता आणि आठवीतल्या मुलासाठी एक धाव मागायला येता. मागच्या हंगामात एक गृहस्थ दोन धावांसाठी पाऊण तास टेबलापाशी उभे होते. त्यांचा मुलगा लांब बाऊंड्रीवर उभा होता, खाली मान घालून.

सरासरीचं थोडक्यात सांगते, कारण विचारणारे फार. एकूण धावांना डावांनी भागायचं नाही, किती वेळा बाद झाला त्यानं भागायचं. नाबाद राहिलेला डाव भागाकारात येत नाही. मग धनावडेच्या त्या एका सामन्याची सरासरी किती? १००९ भागिले शून्य. शून्यानं भागता येत नाही, हे सहावीच्या वर्गात घसा सुकेपर्यंत सांगायचे. मैदानावर एका मिनिटात समजतं. पोरं म्हणतात, "म्हणजे बाई, त्याची सरासरीच नाही?" नाही. त्या सामन्यापुरती नाही. एकदा तो बाद झाला की येईल. एवढ्यासाठी तरी गणिताच्या शिक्षकांनी वर्ग मैदानावर न्यावा, पण आमचे शिक्षकबंधू ऊन लागतं म्हणतात.

काचेपलीकडून मला बोट दाखवताहेत, एक मिनिट राहिलंय. कबड्डीचं राहिलंच. खो-खोचंही. त्यासाठी त्या खेळातल्या कोणाला तरी बोलवा, मी सांगण्यापेक्षा ते बरं.

तर ज्यांना हे काम करावंसं वाटतं त्यांनी एवढं करावं. जवळच्या शाळेत जाऊन पीटीच्या सरांना भेटा, सरावाचा सामना कधी आहे विचारा. पहिल्या दिवशी लिहू नका, लिहिणाऱ्याच्या शेजारी बसा, फक्त टॅली खोडा. टोपी न्या, पाणी न्या, कागद उडू नयेत म्हणून दोन चिमटे न्या. पेन्सिल आणि खोडरबर, पेन नको. आणि नाणेफेक व्हायच्या आधी दोन्ही संघांची नावं पूर्ण लिहून घ्या, नुसती आडनावं नकोत. एका संघात दोन पाटील असतात, समोरच्या संघात तीन शेख, आणि त्यांतले दोघे डावखुरे.